चाकांवरचे घर आणि विम्याचे व्याकरण

आमच्या वऱ्हाडाला हौसेची गाडी काही नवी नाही. डिसेंबर अर्धा सरला की बहिरमबुवाच्या यात्रेचे वेध लागत. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, ही यात्रा महिनाभराहून अधिक काळ भरते. पूर्वी लोक तिला ‘जात’ नसत, तिथे बिऱ्हाड करीत. राहुट्या पडत, तीन दगडांची चूल पेटे, हंडीत मटण शिजे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे फुलत. हे सारे बिऱ्हाड जाई ते दमणीतून. खाली कडबा, त्यावर गादी, गादीवर बायका-पोरे, मागे टांगलेली भांडी आणि आखाखाली झुलणारा कंदील. चाक मोडले तर वाटेवरच्या गावचा सुतार ते बसवून देई आणि बैल अडला तर धुरकरी दोन शिव्या देई. दमणीला एवढा विमा पुरत असे!

आज हे आठवले ते आमच्या अकोल्याच्या साडूभाऊंमुळे. सरकारी बांधकाम खात्यात छत्तीस वर्षे काढून ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आल्यावर माणसे प्लॉट घेतात, मुलाचे लग्न काढतात, नाही तर बँकेत ठेवून व्याज मोजत बसतात. साडूभाऊंनी तीन वर्षे वापरलेली एक चौदा आसनी गाडी घेतली, एम.एच. ३० ची, पिवळ्या पाटीची.

“लोकाईच्या रेस्ट हाउसात राहून राहून कटाळा आला, मास्तर. आता आपलं घर आपल्यासंगं फिरवू. चिखलदरा पाहू, लोणार पाहू, वाटलं तं पार कन्याकुमारीले जाऊ.”

बेत मोठा सुरेख होता. आतली आसने काढायची, दोन बाजूंना दोन बाकडी बसवायची, रात्री त्यांचाच पलंग करायचा; भांडी धुवायला मोरी, छपरावर पाण्याची टाकी, सूर्यशक्तीच्या दोन पाट्या, त्यांच्या बॅटऱ्या, लहानसा फ्रिज आणि शेगडी. गाडीला सात लाख गेले होते, घराला चार लाख जाणार होते. सुताराने मापे घेतली होती आणि दहा हजार आगाऊही घेतले होते. राहिला होता फक्त विमा. तीन कंपन्यांचे कागद घेऊन साडूभाऊ एका रविवारी आमच्या अमरावतीच्या घरी आले. अकोला ते अमरावती हा रस्ता आता असा झाला आहे की माणूस विचार करायच्या आत येऊन पोचतो. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस बुकात नाव घातले गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

“मले यातलं काई उमजून नाई राह्यलं,” ते म्हणाले. “एजंट म्हंते का थर्ड पार्टी घ्या, स्वस्तात काम होते. तुमी वाचून सांगा.”

मराठीच्या मास्तराने विम्याची इंग्रजी कलमे वाचावीत यात चमत्कारिक असे काही नाही. शब्दाचा काथ्याकूट करणे हाच आमचा धंदा, आणि विमा म्हणजे तरी दुसरे काय आहे? ‘विमा’ हा शब्दच मुळी फारसीतून आपल्याकडे आला आणि येताना त्याने आपली संदिग्धता बरोबर आणली असावी.

पहिलाच शब्द घ्या. थर्ड पार्टी म्हणजे तृतीय पक्ष. साडूभाऊंची समजूत अशी की पहिला पक्ष आपण, दुसरा कंपनी आणि उरलेले अवघे जग तिसरे. व्याकरणात हे बरोबर आहे. प्रथम पुरुष ‘मी’, द्वितीय पुरुष ‘तू’ आणि बाकी सारे तृतीय. पण विम्याचे व्याकरण निराळे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १४६व्या कलमाने सक्तीचा केलेला विमा आहे तो रस्त्यावरच्या माणसासाठी. तुमच्या गाडीखाली सापडलेला सायकलस्वार, तुम्ही पाडलेली पानाची टपरी, यांच्यासाठी. माणूस दगावला वा जखमी झाला तर त्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मालमत्तेची मात्र साधारण साडेसात लाखांपर्यंत. हे सारे योग्यच आहे. परंतु खासगी गाडीत तुमच्या शेजारी बसलेली तुमची बायको? केवळ कायद्यापुरता विमा काढलात तर ती तृतीय पक्षात मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. ती ना प्रथम, ना द्वितीय, ना तृतीय. सप्तपदी घातलेली बाई विम्याच्या व्याकरणात अव्यय होऊन बसते!

हे ऐकल्यावर अक्का, म्हणजे आमच्या पत्नीच्या वडीलभगिनी, आतून दारात येऊन उभ्या राहिल्या. एजंटाची स्वस्त पॉलिसी तिथेच निकालात निघाली.

सर्वंकष पॉलिसी, जिला पॅकेज म्हणतात, तिच्यात खासगी गाडीत बसलेली माणसे धरली जातात. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना तसे स्पष्ट बजावले आहे. मालकचालकाचा स्वतःचा अपघात विमा १५ लाखांचा असतो, तो २०१८ पासून. पण त्यातही खोच आहे. तो मिळतो गाडीच्या नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्याजवळ वाहन चालवण्याचा परवाना असेल तर. गाडी अक्कांच्या नावाने घ्यावी, लक्ष्मीच्या पावलांनी येईल, असा साडूभाऊंचा एक विचार होता. अक्कांना सायकलही येत नाही. म्हणजे हा विमा कुणालाच नाही. बाकीच्या प्रवाशांसाठी थोडा हप्ता जादा भरून वेगळा अपघात विमा जोडता येतो. जुन्या दरपत्रकात तो माणशी दोन लाखांपर्यंत असे. घरचीच माणसे बसवून हजार मैल फिरायचे असेल तर तो सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

परवान्याची एक भीती साडूभाऊंच्या मनात होती, कारण त्यांच्याजवळ आहे साधा हलक्या मोटारीचा. ती अनाठायी होती. ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला हाच परवाना चालतो, वाहन व्यावसायिक वर्गातले असले तरी, असा निर्वाळा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

आता त्या सर्वंकष पॉलिसीतला मजकूर. कशाकशामुळे झालेले नुकसान भरून देऊ याची तिच्यात एक यादी असते. ती वाचताना मला आपल्या जुन्या बखरींतली संकटांची वर्णने आठवली. आग, स्फोट, आपोआप पेट घेणे, वीज, चोरी, घरफोडी, दंगल, संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड. इतकेच काय, आगगाडीतून, नावेतून, उद्वाहकातून किंवा विमानातून नेताना होणारी इजा! आणि त्यातच एक शब्द ‘फ्रॉस्ट’, म्हणजे हिमदहिवर. मे महिन्यात ज्या अकोल्यात पारा ४६च्या पुढे सरकतो, तिथल्या गृहस्थाला हिमदहिवरापासून संरक्षण! साडूभाऊ खूष झाले. “हे ठिवा मास्तर, हे कामाचं हाय!”

त्यांना म्हटले, ही यादी वाचून भुलू नका. विम्याचा कागद मागून पुढे वाचावा. काय देणार ते पुढच्या पानावर ठळक असते, काय देणार नाही ते मागे बारीक. झीज, यंत्राचा वा विजेचा आपोआप झालेला बिघाड, एका नुकसानीतून पुढे उद्भवणारे दुसरे नुकसान, हे सारे मागच्या पानावर. मेळघाटातल्या नाल्याचे उदाहरण घ्या. पाऊस वर डोंगरात पडतो आणि इथे कोरड्या पुलावर घटकाभरात पाणी चढते. गाडी त्यात बंद पडली. अशा वेळी कोणता मराठी माणूस किल्ली पुन्हा फिरवणार नाही? पण ती फिरवली की पाणी इंजिनात ओढले जाते आणि आतला दट्ट्या वाकतो. कंपनी म्हणते, पूर आला हे खरे; पण इंजिन गेले ते तुम्ही किल्ली फिरवली म्हणून. यासाठी इंजिनाचे जादा संरक्षण वेगळे विकत मिळते. जो माणूस केवळ रानावनात जाण्यासाठी गाडी घेतो त्याने ते घ्यावे; आणि घेऊनही, पाण्यात किल्ली फिरवू नये.

इथवर गाडीचे झाले. घराचे काय?

खरी मेख इथे आहे आणि मोटारीच्या सामान्य मालकाला तिचा पत्ताच नसतो. मोटारीचा विमा मोटारीच्या नंबराला चिकटलेला. तिच्यातली भांडी, गाद्या, शेगडी, अक्कांचा कुकर यांना तो ओळखत नाही. बरे, घरसामानाचा विमा आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच साच्याची पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात. पण ती चिकटलेली असते घराच्या पत्त्याला. आता ज्या घराला पत्ता नाही आणि ज्या गाडीत घर आहे, तिचे सामान कुणाच्या पदरात? चाके आहेत म्हणून घराचा विमा नको म्हणतो आणि चूल आहे म्हणून गाडीचा. माहेरही तुटले आणि सासरही नांदवीना, अशी त्या कुकराची गत.

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला. तिथे अशा गाडीच्या खास पॉलिसीत आतल्या चीजवस्तू धरतात, गाडीबाहेर ताणलेले छत धरतात, मुक्कामाच्या जागी गाडीत कुणी पाहुणा पाय घसरून पडला तर त्याची जबाबदारीही धरतात. आणि जो बारमास गाडीतच राहतो त्याच्यासाठी आणखी वेगळी कलमे असतात. आपल्याकडे या गाडीला मोटारविम्याच्याच अंगरख्यात बसवावे लागते, आणि तो अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा. म्हणून त्याला ठिगळे लावावी लागतात. ती कुठे लावायची एवढेच शहाणपण.

पहिले ठिगळ किमतीचे. पॉलिसीवर गाडीची एक घोषित किंमत असते. गाडी चोरीला गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की तीच रक्कम हाती पडते. ती काढतात कारखान्याच्या यादीतल्या किमतीवरून वयाप्रमाणे घट करून: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. कारखान्याच्या यादीत साडूभाऊंचा पलंग कुठून असणार? यादीत नसलेल्या, मागाहून बसवलेल्या वस्तूंची किंमत स्वतंत्र लिहून द्यावी लागते आणि त्यावर हप्ता भरावा लागतो. विजेच्या वस्तूंना तर वेगळे कलमच आहे. २००२ च्या दरपत्रकात त्यांच्या किमतीवर ४ टक्के जादा आकार असे. २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, तेव्हा आता तिघींना विचारून पाहावे. पण न विचारता, न लिहिता बसवलेली सूर्यशक्तीची पाटी गारांनी फुटली तर ती विम्याच्या लेखी कधी अस्तित्वातच नव्हती. चार लाखांचे घर आणि कागदावर शून्य!

दुसरे ठिगळ घसाऱ्याचे. दुरुस्तीच्या बिलातून प्लास्टिक आणि रबर यांचे ५० टक्के कापतात, फायबरचे ३०, काचेचे काही नाही. अशा गाडीचा आतला संसार बहुतेक प्लास्टिकचा आणि फायबरचा. ही कापाकापी टाळणारे संरक्षण जादा हप्त्यात मिळते, पण गाडी जुनी झाली की बहुतेक कंपन्या हात आखडता घेतात. साडूभाऊंची गाडी चौथ्या वर्षात आहे. घ्यायचे तर आत्ताच.

एक सवलतही सांगतो. ही गाडी वर्षातले दहा महिने दारात उभी राहणार. चालेल तेवढाच हप्ता, या धर्तीच्या योजनांना नियामकाने जुलै २०२२ मध्ये मुभा दिली आहे. किलोमीटर आधी ठरवायचे आणि त्या मानाने पैसे भरायचे. आमच्या साडूंनी लगेच कन्याकुमारीचे अंतर मोजायला घेतले.

परंतु ही सारी ठिगळे ज्या कापडावर लावायची ते कापडच खोटे निघाले तर? मी साडूभाऊंना नोंदणीपत्र मागितले. वाहनाचा वर्ग: बस. आसने: चौदा. आणि सुतार तर त्यातली बारा आसने काढून पलंग ठोकायला निघालेला! कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील आणि कारखान्याचा मूळ नमुना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ चांगला कडक लावला. म्हणजे अपघात झाल्यावर पाहणीदार येणार, नोंदणीपत्रात बस पाहणार, समोर मोरी आणि पलंग पाहणार, आणि लिहिणार की आम्ही विमा उतरवला ती ही गाडीच नव्हे. अशा वेळी हप्ते नियमित भरल्याच्या पावत्या देवापुढे ठेवाव्यात, कंपनीपुढे नव्हे.

याला वाट आहे. परिवहन खात्याच्या वर्गवारीत ‘कॅम्पर व्हॅन’ नावाचा वर्ग आहेच, खासगी वापराचा वेगळा आणि व्यवसायाचा वेगळा. मोटर कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे मानक आहे आणि त्याप्रमाणे मान्यता मिळालेले बांधणीदार आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. तेव्हा आधी परिवहन कार्यालय, मग मान्यताप्राप्त बांधणीदार, मग नोंदणीपत्रात बदल, मग विमा. साडूभाऊंचा क्रम बरोबर उलटा होता: आधी सुतार, मग विमा, आणि परिवहन कार्यालय दंड भरायच्या वेळी.

“सुताराचे दहा हजार?” साडूभाऊंनी विचारले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःसाठी केलेली ही पहिलीच हौस. मला वाईट वाटले; पण दहा हजार वाचवायला अकरा लाख पणाला लावणे मला परवडले नसते, त्यांना तर नाहीच.

तेवढ्यात आमच्या भाच्याने, म्हणजे त्यांच्या चिरंजीवांनी, फोनवरून आणखी एक अक्कल पाजळली. गाडी रिकामी राहील तेव्हा शेगावच्या यात्रेकरूंना भाड्याने द्यावी, खर्च निघून येईल. कल्पना वाईट नाही, पण मग पाटी पिवळी हवी, वर्ग व्यवसायाचा हवा आणि हप्ताही त्या वर्गाचा. पांढऱ्या पाटीवर भाडे घेतले की ‘वापराच्या मर्यादा’ नावाचे कलम मोडते. खासगी गाडी भाड्याने फिरवल्याची दोन प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती, एक २००८ साली आणि एक २०१० साली. पहिल्यात गाडी चोरांनी पळवली होती, दुसऱ्यात अपघात झाला होता. न्यायालयाने मालकांना अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. भरपाईच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देवविली. भाच्याला हे ऐकून उलट हुरूपच आला. पंच्याहत्तर टक्के म्हणजे त्याच्या मते प्रथम वर्ग! त्याला सांगितले की तेवढ्यासाठी मालकांना खालपासून दिल्लीपर्यंत भांडावे लागले. ते गुण परीक्षेतले नव्हेत.

शेवटी ठरले ते असे. गाडी खासगी वर्गात घ्यायची, साडूभाऊंच्याच नावावर ठेवायची. अकोल्याच्या परिवहन कार्यालयात अर्ज करायचा आणि उत्तर येईपर्यंत एक खिळाही ठोकायचा नाही. दरम्यान आहे त्या वर्गाचा विमा चालू ठेवायचा, कारण दारात उभ्या गाडीलाही आग लागते. तिन्ही कंपन्यांना मी एक पत्र लिहिले. मोरी, पलंग, पाट्या, बॅटऱ्या यांची किमतींसह यादी दिली आणि विचारले: हे धरता का, आणि शेगडी व लहान सिलिंडर आत ठेवला तर आगीची भरपाई देता का? हो किंवा नाही, पण लेखी. विम्याचा करार परम विश्वासाचा म्हणतात. तेव्हा आपण काही लपवायचे नाही आणि त्यांनाही मोघम बोलू द्यायचे नाही. एकीचे उत्तर आले की वस्तू धरू, शेगडी नाही. दुसरीने पत्राबरोबर आपले रंगीत माहितीपत्रक पाठवले, त्यात हसरे कुटुंब होते आणि उत्तर नव्हते. तिसरीने मात्र कलमवार लिहिले: नोंदणीपत्रात कॅम्पर व्हॅन असेल, बांधणीदाराचे प्रमाणपत्र असेल आणि वस्तूंची बिले असतील तर सगळे धरू, शेगडी बांधणीदाराच्या मंजूर नकाशात असेल तर तीही, आतले सुटे सामान मात्र नाही. तिचा हप्ता तिघींत सर्वांत जास्त होता. साडूभाऊंनी तिचेच नाव वहीत लिहिले आणि सुताराला फोन करून काम थांबवले. सुताराने आगाऊतले सहा हजार परत दिले, हे त्याला भूषणावह आहे.

राहिले सुटे सामान. त्याचा विमा नाही म्हटल्यावर अक्कांनी गाडीसाठी काढून ठेवलेली नवी भांडी माळ्यावरून उतरवली आणि त्यांच्या जागी जुनी जर्मलची बांधून ठेवली. मग त्यांनी ते कंपनीचे पत्र मागितले. साडूभाऊ म्हणाले, “गाडीतच असू दे, नोंदणीपत्र, बिलं, पॉलिसी, सारे कागद एका पिशवीत. वाटेत कोनी इचारलं तं दाखवता येते.”

“आन् गाडी जळाली तं?” अक्का म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली, प्रती तेवढ्या गाडीसाठी काढून दिल्या आणि मूळ कागद आपल्या लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या खाली, कुलूप लावून ठेवले.